विद्यापीठ ग्रंथालयांची भागीदारी, डिजिटल जतन आणि ओपन अ‍ॅक्सेससाठीची अनुदाने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठांचे ग्रंथपाल, प्राध्यापक, संशोधन विभागातील अधिकारी आणि आपला दस्तऐवजी ठेवा विद्यापीठाच्या हवाली करावा की नाही याचा विचार करणाऱ्या लहान संस्था यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. अनुदान मिळवायचे कसे, यापेक्षा ते संपल्यानंतर काय करायचे या प्रश्नाला येथे जास्त जागा दिली आहे, कारण चांगल्या हेतूने सुरू झालेले बरेच प्रकल्प त्याच टप्प्यावर अडले आहेत.

पुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवली, म्हणजे त्यांचे डिजिटल जतन झाले का?

नाही, ती फक्त सुरुवात झाली. स्कॅनरमधून फाइल बाहेर पडली की सांभाळायची आणखी एक वस्तू ग्रंथालयाच्या पदरात पडते आणि ती कागदापेक्षा नाजूक असते. चांगल्या कागदावरचा ग्रंथ कोरड्या कपाटात पन्नास वर्षे पडून राहिला तरी बहुधा वाचता येतो. फाइलकडे दहा-पंधरा वर्षे कोणी पाहिले नाही, तर तोवर डिस्क बंद पडलेली असू शकते, फाइल उघडणारे सॉफ्टवेअर मिळेनासे झालेले असते, किंवा फाइलचे नाव नुसते 'स्कॅन 0047' असते आणि तिच्यात काय आहे हे सांगू शकणारी व्यक्ती कधीच निवृत्त झालेली असते.

जतन हे असे न संपणारे काम आहे. त्यातला सर्वांत साधा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. फाइल साठवताना तिच्यावर एक गणिती प्रक्रिया चालवून तिचा चेकसम काढतात. एसएचए-256 ही पद्धत वापरली, तर फाइल एका पानाची असो वा दोन तासांच्या चित्रफितीची, उत्तर येते ते अक्षरे आणि अंक मिळून 64 चिन्हांच्या एका ओळीचे. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी ती ओळ पूर्णपणे वेगळी येते. ठरावीक काळाने संगणक प्रत्येक फाइलचा चेकसम नव्याने काढून जुन्या नोंदीशी ताडून पाहतो आणि तो जुळला नाही, तर दुसऱ्या ठिकाणच्या चांगल्या प्रतीवरून ती फाइल बदलून घेतली जाते. हे काम वाचकाला दिसत नाही, त्याचा उद्घाटन समारंभ होत नाही, आणि म्हणूनच अंदाजपत्रकात त्याला आग्रहाने जागा मिळवून द्यावी लागते.

साठवणुकीचा हिशेबही आधी करून ठेवावा. सहा इंच रुंद आणि नऊ इंच उंच पानाचे 400 पीपीआयने (एका इंचात 400 बिंदू) रंगीत स्कॅनिंग केले, तर कॉम्प्रेस न केलेली टिफ फाइल साधारण 26 एमबीची होते. तीनशे पानांचे पुस्तक म्हणजे जवळपास 8 जीबी, आणि तीन ठिकाणी तीन प्रती ठेवायच्या तर 23 ते 24 जीबी. वाचकाला मिळणारी पीडीएफ यापुढे अगदी लहान असते. तिच्याकडे पाहून खर्चाचा अंदाज बांधला, तर तो हमखास चुकतो.

जतन आणि ओपन अ‍ॅक्सेस हे दोन वेगळे विषय आहेत. मग अनुदान देणाऱ्या संस्था ते एकत्र का मागतात?

फेब्रुवारी 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने ओपन अ‍ॅक्सेसची जी व्याख्या केली, तिच्यात संशोधनपर लेखन इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असणे आणि ते वाचण्याची, उतरवून घेण्याची, त्याच्या प्रती काढून वाटण्याची मुभा असणे, हे अभिप्रेत आहे. पण आज विनामूल्य वाचायला मिळणारा लेख आणखी दहा वर्षांनी त्याच पत्त्यावर सापडेल, याची हमी या मुभेतून मिळत नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 2000 ते 2019 या काळात 174 ओपन अ‍ॅक्सेस नियतकालिके इंटरनेटवरून पूर्णपणे नाहीशी झाल्याचे दाखवून देण्यात आले. 2024 मधील दुसऱ्या एका अभ्यासात, डीओआय क्रमांक (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) असलेले 70 लाखांहून अधिक लेख तपासले असता त्यांतले सुमारे 28 टक्के लेख कोणत्याही प्रमुख जतन-भांडारात आढळले नाहीत.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वर्गणी भरून घेतल्या जाणाऱ्या नियतकालिकांच्या बाबतीत ग्रंथालय करार करते आणि त्या करारात जतनाची अट घालू शकते. जे विनामूल्य मिळते त्याचा करार कोणाशीच नसतो, त्यामुळे ते टिकवण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. एखाद्या विभागाने उत्साहाने चालवलेले नियतकालिक संपादक बदलले किंवा सर्व्हरचे नूतनीकरण राहून गेले, एवढ्या कारणाने लुप्त होते. दुसऱ्या बाजूने, उत्तम सांभाळलेला पण कोणालाही पाहता न येणारा संग्रह सार्वजनिक पैशातून का पोसावा, हा प्रश्नही रास्तच आहे. दोन्ही मागण्या एकत्र येतात त्या यामुळे.

आमच्या विद्यापीठाकडे चांगला सर्व्हर आहे. मग इतर ग्रंथालयांशी भागीदारी कशासाठी?

एकाच छताखाली ठेवलेल्या दहा प्रती एका आगीत, एका पुरात किंवा एका सायबर हल्ल्यात एकदम जाऊ शकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 1999 साली लॉक्स हा प्रकल्प सुरू केला तो नेमक्या याच विचाराने. भरपूर प्रती वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या व्यवस्थापनांखाली ठेवायच्या आणि त्या प्रतींनी एकमेकींशी पडताळणी करत राहायची, ही त्याची पद्धत. याच पद्धतीवर उभ्या असलेल्या क्लॉक्स या संस्थेच्या प्रती निरनिराळ्या देशांतील बारा विद्यापीठीय व संशोधन संस्थांमध्ये ठेवलेल्या असतात. एरवी त्या बंद असतात. एखादे नियतकालिक प्रकाशकाकडून मिळेनासे झाले की ते सर्वांसाठी खुले केले जाते.

ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर झालेला सायबर हल्ला या संदर्भात प्रत्येक ग्रंथपालाने अभ्यासावा असा आहे. त्या ग्रंथालयाने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती त्यांच्याकडे होत्या, मात्र त्या जिच्यावर पुन्हा उभ्या करायच्या ती यंत्रणाच उद्ध्वस्त झाल्याने सेवा पूर्ववत होण्यास फार काळ लागला. एवढे मोठे राष्ट्रीय ग्रंथालयही एका हल्ल्याने महिनोन् महिने अडते, हे लक्षात घेतले की जोडीदार हवा तो प्रत ठेवण्यासाठीही आणि अडचणीच्या वेळी ती प्रत वाचकाला उपलब्ध करून देण्यासाठीही, हे पटते.

खर्चाचा मुद्दा यानंतरचा, पण तोही खरा आहे. फाइल स्वरूपांची जाण असणारा तज्ज्ञ, कॉपीराइटची जाण असणारा अधिकारी आणि चोवीस तास चालणारी साठवण यंत्रणा या तिन्हींचा भार प्रत्येक विद्यापीठाने स्वतंत्रपणे उचलावा, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

भागीदारीचे कोणते प्रकार प्रचलित आहेत?

एका प्रकारात अनेक विद्यापीठे मिळून एकच भांडार चालवतात. 2008 साली अमेरिकेतील काही मोठ्या विद्यापीठांनी स्थापन केलेले हाथीट्रस्ट हे याचे ठळक उदाहरण असून त्यात आज 1 कोटी 80 लाखांहून अधिक ग्रंथांच्या डिजिटल प्रती आहेत. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक विद्यापीठ आपला मजकूर एका राष्ट्रीय भांडारात जमा करण्याचा सामंजस्य करार करते. भारतातील विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारे इन्फ्लिबनेट हे केंद्र चालवत असलेले पीएचडी प्रबंधांचे शोधगंगा हे भांडार या पद्धतीने उभे राहिले. तिसऱ्या प्रकारात ग्रंथालये एकत्र पैसे जमवून नियतकालिके किंवा पुस्तके खुली ठेवतात. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

चौथा प्रकार विद्यापीठ आणि समाजातील एखादी लहान संस्था यांच्यातील भागीदारीचा. एखाद्या संघटनेकडे जुनी पत्रके असतात, एखाद्या कुटुंबाकडे हस्तलिखिते, तर एखाद्या लोकगीत-संग्राहकाकडे चुंबकीय फिती. विद्यापीठाकडे यंत्रे आणि माणसे असतात, आणि त्या संस्थेकडे ठेवा असतो व त्याविषयीचे ज्ञान असते. हा प्रकार सर्वांत मोलाचा आहे आणि सर्वांत जास्त अन्यायही याच प्रकारात होतो, कारण करार लिहिणारा पक्ष बहुधा विद्यापीठ असते आणि मोठ्या संस्थेने समोर ठेवलेला कागद धाकटा पक्ष न वाचता सही करून परत देतो.

करारात कोणत्या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात?

सहकार्याची सदिच्छा व्यक्त करणारा दोन पानी सामंजस्य करार छायाचित्रापुरता ठीक असतो. कामाचा करार वेगळा करावा. त्यात मूळ वस्तूची मालकी कोणाची आणि डिजिटल प्रतीवर कोणाचे कोणते हक्क, हे स्वतंत्रपणे लिहावे. मूळ प्रत कोणाकडे राहणार आणि कोणाला किती उच्च दर्जाच्या फाइल मिळणार, हेही लिहावे. समाजातील संस्थेला केवळ संकेतस्थळाची लिंक आणि विद्यापीठाला सगळ्या मूळ फाइल, अशी वाटणी कदापि होऊ देऊ नये. कोणता मजकूर कधीपासून खुला होणार, कोणता राखीव राहणार आणि तो निर्णय बदलण्याचा अधिकार कोणाला, याचीही नोंद असावी.

सर्वांत महत्त्वाचे कलम वेगळे होण्याचे असते आणि नेमके तेच लिहायला सगळे कचरतात. भागीदारांपैकी एक बाहेर पडला, भांडार बंद झाले किंवा वार्षिक वर्गणी परवडेनाशी झाली, तर फाइल आणि मेटाडेटा (फाइलमध्ये काय आहे हे सांगणाऱ्या नोंदी) कोणत्या स्वरूपात, किती मुदतीत आणि कोणाच्या खर्चाने परत मिळणार? हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील अनेक नामांकित विद्यापीठांनी 2012 साली डिजिटल प्रिझर्वेशन नेटवर्क उभे केले आणि त्यात जमा होणारा मजकूर वीस वर्षे सांभाळण्याचे वचन दिले. डिसेंबर 2018 मध्ये ते नेटवर्क गुंडाळण्याचा निर्णय जाहीर झाला. तंत्रज्ञान तिथे कमी पडले नव्हते. पुरेशा सदस्यांना त्या सेवेसाठी दरवर्षी पैसे भरत राहणे रास्त वाटेनासे झाले होते. मजकूर भागीदार ग्रंथालयांच्याच यंत्रणांवर असल्यामुळे तो वाऱ्यावर पडला नाही. बाहेर पडण्याची वाट आधीच आखून ठेवण्याचे महत्त्व यावरून कळावे.

हस्तांतरासाठी बॅगइट हे सोपे स्वरूप वापरावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. त्यात एक फोल्डर असतो, त्याच्या पोटात 'डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्यक्ष फाइल असतात, आणि शेजारी 'मॅनिफेस्ट' नावाची साधी मजकूर-फाइल असते, जिच्यात प्रत्येक फाइलचे नाव आणि तिचा चेकसम एकेका ओळीत लिहिलेला असतो. उद्या कोणतेही खास सॉफ्टवेअर हाताशी नसले, तरी ती यादी उघडून काय आले आणि काय राहिले हे पाहता येते. 2018 पासून हे स्वरूप इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी 8493 म्हणून अधिकृतपणे नोंदलेले आहे.

अशा कामासाठी अनुदान कोण देते?

जगभरातील संस्थांना खुला असलेला एक जुना स्रोत म्हणजे अर्काडिया या धर्मादाय निधीच्या साहाय्याने ब्रिटिश लायब्ररी 2004 पासून चालवत असलेला एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्राम. नष्ट होण्याच्या मार्गावर असलेली हस्तलिखिते, दप्तरे, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांच्यासाठी तो आहे. मूळ वस्तू आपल्या देशाबाहेर जाता कामा नये, ही त्याची अट मला फार मोलाची वाटते. विसाव्या आणि एकविसाव्या शतकातील सामग्रीसाठी याच निधीच्या साहाय्याने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील ग्रंथालयात 2018 पासून मॉडर्न एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्राम सुरू आहे. उत्तर अमेरिकेत क्लिर ही संस्था मेलन फाउंडेशनच्या पैशातून दुर्लक्षित संग्रहांच्या आणि जोखमीतल्या ध्वनि-चित्रमुद्रणांच्या डिजिटायझेशनसाठी अनुदाने देत आली आहे. त्याखेरीज सरकारी संशोधन परिषदा, मानव्यविद्यांसाठीचे राष्ट्रीय निधी आणि युरोपीय संघाचे संशोधन कार्यक्रम आहेतच.

सरकारी निधी म्हणजे खात्रीचा निधी, असे मात्र धरून चालू नये. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या संस्थेने आधीच मंजूर केलेली शेकडो अनुदाने मुदतीपूर्वी रद्द केली. ग्रंथालये व संग्रहालयांना साहाय्य करणाऱ्या तेथील संघीय संस्थेच्या अनुदानांवरही त्याच सुमारास गदा आली आणि प्रकरणे न्यायालयात गेली. ज्या प्रकल्पांनी टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याअखेरीस वापरता येईल असा संग्रह तयार होईल, अशी आखणी केली होती, त्यांच्या हाती निदान झालेले काम राहिले.

लहान ग्रंथालयाला अशी अनुदाने मिळतात का?

मिळतात. संग्रह दुर्मीळ आहे आणि त्याला धोका आहे, हे दाखवता आले पाहिजे. हिशेब ठेवण्याची आणि लेखापरीक्षणाची व्यवस्था नसेल, तर एखाद्या विद्यापीठाला मुख्य अर्जदार करून आपण सहअर्जदार व्हावे. मात्र वर सांगितलेला कामाचा करार त्यापूर्वी झालेला असावा.

अर्ज तपासणारे नेमके काय पाहतात?

संग्रह किती थोर आहे यावर अर्जदार पाने भरतात, आणि काम कसे होणार यावर परिच्छेद. तपासणाऱ्याला हवे असते उलट. किती वस्तू आहेत, त्यांची अवस्था कशी आहे, किती पाने चिकटलेली, किती फाटकी, किती घडी घातलेली, याची मोजदाद हवी. ती करायला सगळा संग्रह उघडावा लागत नाही. निरनिराळ्या पेट्यांतून काढलेल्या शंभर पानांच्या नमुन्यावर काम करून पाहिले, तरी एका पानाला तयारीसह किती वेळ लागतो हे कळते आणि मग वेळापत्रक हवेत राहत नाही.

चुंबकीय फितींच्या बाबतीत हा हिशेब विशेष कडक असतो. एक तासाची फीत डिजिटल करायला किमान एक तास लागतोच, कारण ती पूर्ण वाजवावी लागते. शिवाय आधी ती स्वच्छ करणे, क्वचित हलक्या उष्णतेने बरी करणे, यंत्राचे हेड प्रत्येक फितीसाठी जुळवणे आणि नंतर ऐकून तपासणे हे सारे आलेच. 96 किलोहर्ट्झ आणि 24 बिट या दर्जाने घेतलेल्या एका तासाच्या स्टिरिओ मुद्रणाला सुमारे 2 जीबी जागा लागते. जागा ही मोठी अडचण नाही, यंत्रे ही आहे. फिती वाजवणारी यंत्रे आता नव्याने बनत नाहीत म्हटले तरी चालेल आणि ती दुरुस्त करणारे हातही कमी होत आहेत. 2019 साली युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने फितींविषयी धोक्याचा जो इशारा दिला, त्याचे मर्म हेच होते. ज्या ग्रंथालयाकडे कागद आणि फिती दोन्ही आहेत, त्याने आधी फितींसाठी अर्ज करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंदाजपत्रकातली नेहमीची उणीव म्हणजे मेटाडेटासाठी न ठेवलेले पैसे. कॅमेरा आणि स्कॅनर यांची रक्कम ठळक दिसते, पण प्रत्येक वस्तूचे शीर्षक, काळ, व्यक्ती, स्थळ आणि हक्क यांची नोंद करणारी, भाषा आणि लिपी जाणणारी माणसे लागतात आणि त्यांचे काम स्कॅनिंगपेक्षा सावकाश चालते. नोंद नसलेली फाइल शोधात येत नाही, आणि शोधात न येणारा संग्रह खुला आहे असे म्हणणे ही वाचकाची फसवणूक आहे.

अनुदानाची मुदत संपल्यावर खर्च कोणी करायचा?

हा प्रश्न अर्ज लिहिण्याआधी विचारावा. अनुदान दोन-तीन वर्षांचे असते आणि जतनाची जबाबदारी अनिश्चित काळाची. या दोहोंतली दरी कोणतेही अनुदान स्वतःहून भरून काढत नाही. अनुदानाचा योग्य उपयोग एकदाच येणाऱ्या खर्चासाठी करावा : यंत्रखरेदी, स्कॅनिंग, नोंदींचा अनुशेष, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण. साठवणूक, चेकसम तपासणी, दर काही वर्षांनी यंत्रे बदलणे आणि निदान एका जबाबदार व्यक्तीचे वेतन हे पहिल्या दिवसापासून विद्यापीठाच्या नियमित अंदाजपत्रकात असावे, रक्कम लहान असली तरी चालेल. तसे लेखी आश्वासन कुलगुरू किंवा वित्त अधिकारी यांच्या सहीने अर्जाला जोडता आले, तर तपासणाऱ्यावर त्याचा परिणाम होतोच; शिवाय पुढे अधिकारी बदलले की तोच कागद ग्रंथालयाच्या कामी येतो.

अनुदानाकडून नियमित उत्पन्नाकडे नीट वळलेली उदाहरणेही आहेत. लंडन विद्यापीठाच्या बर्कबेक महाविद्यालयातून 2015 साली सुरू झालेल्या ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज या नियतकालिके प्रकाशित करणाऱ्या संस्थेला आरंभी मेलन फाउंडेशनचे साहाय्य होते. पण त्याच काळात तिने ग्रंथालयांकडून वार्षिक अंशदान घ्यायला सुरुवात केली आणि आज ती त्या बळावर उभी आहे. 1991 मध्ये लॉस अलामॉस येथे सुरू होऊन 2001 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात आलेल्या अर्काइव्ह या पूर्वमुद्रणांच्या (नियतकालिकात छापून येण्याआधीच्या लेखांच्या) भांडारानेही 2010 पासून त्याचा सर्वाधिक वापर करणाऱ्या संस्थांकडे खर्चाचा वाटा मागितला. वापरणाऱ्यांनी थोडे थोडे द्यायचे आणि लाभ सर्वांना, ज्यांनी दिले नाही त्यांनाही, ही व्यवस्था विश्वासावर चालते आणि ती चालावी यासाठी मोठ्या विद्यापीठांनी आपला वाटा टाळू नये.

लेखकाकडून शुल्क न घेता ओपन अ‍ॅक्सेस शक्य आहे का?

शक्य आहे आणि ग्रंथालयांनी आपला पैसा शक्यतो तिकडेच वळवावा. लेख छापून येण्यासाठी लेखकाने शुल्क भरायचे, या पद्धतीत वाचकासाठीचा अडसर उठतो आणि तोच अडसर निधी नसलेल्या संशोधकासमोर येऊन उभा राहतो. त्यापेक्षा ग्रंथालयांनी एकत्र येणे हा न्याय्य मार्ग आहे. सर्न या संशोधन केंद्राच्या पुढाकाराने जानेवारी 2014 पासून चालू असलेल्या स्कोप-थ्री या व्यवस्थेत तीन हजारांहून अधिक ग्रंथालये आणि संस्था, एरवी वर्गणीपोटी जाणारी रक्कम एकत्र करून मूलकण भौतिकीतील प्रमुख नियतकालिके खुली ठेवतात. लेखकाला काहीही द्यावे लागत नाही. अ‍ॅन्युअल रिव्ह्यूज या प्रकाशकाने 2020 पासून वेगळा प्रयोग केला : वर्गणीदार ग्रंथालयांनी वर्गणी चालू ठेवली, तर त्या वर्षीचा अंक सर्वांसाठी खुला.

शिवाय लेखकाने आपल्या स्वीकृत लेखाची प्रत विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे डिजिटल भांडारात, ठेवणे हा बिनखर्ची मार्ग आहेच. 2002 साली एमआयटी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी मिळून तयार केलेले डीस्पेस हे मुक्त सॉफ्टवेअर असंख्य विद्यापीठे त्यासाठी वापरतात. निधी देणाऱ्यांचे नियमही त्या दिशेने सरकत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2008 मध्ये लेख खुला करण्यास बारा महिन्यांपर्यंतची सवलत दिली होती. 1 जुलै 2025 पासून स्वीकारलेल्या लेखांना ती सवलत उरलेली नाही.

विद्यापीठाचे एखादे नियतकालिक विनाशुल्क चालत असेल आणि जतनासाठी पैसे नसतील, तर जॅस्पर या प्रकल्पाकडे पाहावे. अशाच नियतकालिकांच्या जतनासाठी डोआज (ओपन अ‍ॅक्सेस नियतकालिकांची सूची ठेवणारी संस्था), क्लॉक्स, इंटरनेट आर्काइव्ह आणि आणखी काही संस्थांनी तो 2020 मध्ये सुरू केला. कोणते नियतकालिक कोठे जतन होते आहे, हे कीपर्स रजिस्ट्रीत विनामूल्य शोधता येते. आपले नाव तिथे आहे का, हे संपादकांनी आजच पाहून घ्यावे.

कॉपीराइट असलेली सामग्री डिजिटल करता येते का?

जतनासाठी प्रत काढणे आणि ती प्रत सर्वांसाठी खुली करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अनेक देशांचे कायदे ग्रंथालयांना पहिल्या गोष्टीसाठी सवलत देतात, दुसऱ्यासाठी बहुधा नाही. हाथीट्रस्टविरुद्ध लेखक संघटनेने लढवलेल्या खटल्यात 2014 साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने, ग्रंथांत शब्द शोधता यावेत यासाठी आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या अपंग वाचकांसाठी केलेला वापर रास्त ठरवला. पण त्या निकालाने कॉपीराइटखालील पुस्तके सरसकट सर्वांना वाचायला मोकळी झाली नाहीत. प्रत्येक संस्थेने आपल्या देशाचा कायदा पाहूनच पाऊल टाकावे.

प्रत्यक्ष कामात मोठी अडचण येते ती हक्कदार सापडत नाही तेव्हा. अशा वेळी काय शोध घेतला, कोणाला पत्रे पाठवली, काय उत्तर आले याची नोंद ठेवावी, आणि प्रत्येक वस्तूसमोर तिची हक्कस्थिती प्रमाण भाषेत लिहावी. युरोपियाना हे युरोपातील सांस्कृतिक ठेव्याचे डिजिटल व्यासपीठ आणि अमेरिकेतील डिजिटल पब्लिक लायब्ररी यांच्या पुढाकाराने 2016 मध्ये तयार झालेली बारा प्रमाण हक्कविधाने त्यासाठी उपयोगी आहेत. ज्या वस्तूचा कॉपीराइट संपला आहे, तिच्या स्कॅनवर नव्याने हक्क सांगून वापरावर बंधने घालणे मला अयोग्य वाटते, मग त्यासाठी कितीही खर्च आलेला असो.

जतन केलेले सगळेच खुले करावे का?

नाही. मुलाखतीत एखाद्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, रुग्णांची कागदपत्रे, जिवंत व्यक्तींची खासगी पत्रे, एखाद्या समाजाने ठरावीक प्रसंगापुरती राखलेली गीते किंवा विधी, हे जतन करण्याजोगे असले तरी चव्हाट्यावर मांडण्याजोगे असतेच असे नाही. आदिवासी आणि मूलनिवासी समाजांच्या माहितीविषयी 2019 साली मांडली गेलेली केअर तत्त्वे, सामूहिक हित आणि त्या समाजाचा नियंत्रणाचा अधिकार यांवर भर देतात. अनुदानाची अट सर्व सामग्री खुली करण्याची असेल आणि संग्रहाला ती लागू करणे योग्य नसेल, तर अर्जातच तसे सकारण लिहावे. निधी देणाऱ्या जाणत्या संस्था अपवाद मान्य करतात.

क्लाउडवर ठेवले की पुरेसे आहे का?

क्लाउड ही एक प्रत धरावी. नॅशनल डिजिटल स्ट्युअर्डशिप अलायन्स या डिजिटल जतन करणाऱ्या संस्थांच्या अमेरिकी संघटनेने ठरवलेल्या जतनाच्या चार पातळ्यांपैकी पहिल्याच पातळीला दोन वेगळ्या ठिकाणी दोन पूर्ण प्रती लागतात, दुसरीला तीन, आणि त्यांतली एक वेगळ्या भौगोलिक प्रदेशात. बिल भरायचे राहिले तर काय होईल आणि सगळ्या फाइल परत उतरवून घ्यायला किती शुल्क पडेल, हे दोन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारावेत.

डिजिटल प्रत झाल्यावर मूळ कागद ठेवण्याची गरज आहे का?

आहे. स्कॅनमधून कागदाचा पोत, शाईचा थर आणि बांधणी कळत नाही, आणि राहून गेलेले पान नंतर लक्षात आले तर मूळ प्रतीकडेच जावे लागते.

भांडार विश्वासार्ह आहे हे कसे ओळखावे?

ओएआयएस हे आयएसओ 14721 या क्रमांकाचे मानक भांडाराची सर्वमान्य चौकट सांगते, आणि कोअरट्रस्टसील हे प्रमाणपत्र सोळा निकषांवर भांडाराची तपासणी करून दिले जाते. लहान भांडाराने प्रमाणपत्रासाठी लगेच धावू नये. ते सोळा निकष समोर ठेवून स्वतःचे प्रामाणिक मूल्यमापन केले आणि ते प्रसिद्ध केले, तरी भागीदारांना निर्णय घ्यायला पुरेशी माहिती मिळते.

अर्ज नामंजूर झाला तर पुढे काय?

तपासणाऱ्यांचे अभिप्राय मागवावेत. बहुतेक संस्था ते देतात आणि पुढच्या फेरीत सुधारित अर्ज स्वीकारतात. मधल्या काळात पैशाशिवाय होण्याजोगे काम थांबवू नये. संग्रहाची यादी करणे, खोलीतील ओल तपासणे, फिती उभ्या ठेवणे, हक्कदारांना पत्रे लिहिणे आणि आहेत त्या फाइलचे चेकसम काढून दुसरी प्रत शेजारच्या विद्यापीठात ठेवण्याविषयी बोलणी करणे, या कामांना कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, आणि पुढच्या अर्जाला ती सगळी जोडता येतात.